लॉगिनचे घोडे नेमके कुठे अडते?

एखाद्या संकेतस्थळासाठी नवा पासवर्ड न बनवता गूगल, फेसबुक, डिजिलॉकर किंवा आधार यांच्यामार्फत ओळख पटवून आत शिरणे, याला तृतीय-पक्ष लॉगिन म्हणतात. त्यात तीन जण गुंतलेले असतात. एक वापरणारा, दुसरे त्याचे काम जिथे आहे ते संकेतस्थळ आणि तिसरी त्याची ओळख सांगणारी संस्था. काम सुरळीत चालले असेल तर हे तिघे वेगळे आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अडले की मात्र पडद्यावर एकच ओळ उमटते, तीही बहुतेक वेळा संकेतस्थळाच्या पानावर, आणि दोष असतो भलत्याचाच. म्हणून या त्रुटी शोधताना पहिला प्रश्न एकच असतो: घोडे तिघांपैकी कोणाच्या दारात अडले आहे?

बीड जिल्ह्यात हा विषय संगणकाच्या जाणकारांपुरता उरलेला नाही. पीकविम्याचा अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती आणि शेतीयोजना, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, महाविद्यालयातला प्रवेश, यांतले काहीही करायचे तर आधी कोणत्या तरी तिसऱ्या संस्थेने ‘ही व्यक्ती तीच आहे’ असे सांगावे लागते. घरी संगणक नसलेले लोक त्यासाठी गावातल्या किंवा तालुक्याच्या सीएससी या सामाईक सेवा केंद्रावर जातात. तिथे ‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तर मिळते. ते कधी खरे असते, पण बऱ्याचदा कारण न सापडल्यामुळे दिलेले असते.

ऊसतोडीच्या व्यवहारात याच्यासारखी एक जुनी रीत आहे. कारखाना टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, ओळखत नाही. तो मुकादमाला ओळखतो आणि मुकादमाच्या शब्दावर टोळी फडात उतरते. तृतीय-पक्ष लॉगिनमध्ये गूगल किंवा डिजिलॉकर हा मुकादमाच्या जागी असतो. संकेतस्थळाचा त्याच्यावर विश्वास असतो, म्हणून त्याच्या शब्दावर दार उघडते. मात्र वापरणाऱ्याचा पासवर्ड संकेतस्थळापर्यंत कधीच पोचत नाही, पोचतो तो फक्त निर्वाळा.

हा निर्वाळा कसा मागायचा आणि कसा द्यायचा याचे नियम ठरलेले आहेत. ओऑथ २.० हा नियमसंच ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुळात परवानगी देण्यासाठी होता: एखाद्या अ‍ॅपला आपले फोटो किंवा संपर्कयादी पाहू द्यावी, पण पासवर्ड देऊ नये, एवढ्यापुरता. ओळख पटवण्याचे काम त्याच्यावर चढवलेल्या ओपनआयडी कनेक्ट या थराने फेब्रुवारी २०१४ पासून नीट बांधून दिले. भारत सरकारने जुलै २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू केले आणि जुलै २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ ही एकाच लॉगिनवर अनेक सरकारी सेवा उघडणारी व्यवस्था आणली. तिच्यात ओळख सांगणारे डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जनपरिचय असे तिघे आहेत. सीएससी केंद्रचालकांसाठी ‘डिजिटल सेवा कनेक्ट’ हे असेच सामाईक दार आहे. पीकविम्याच्या पोर्टलवर केंद्रचालक त्यातूनच आत जातो.

क्रम असा असतो. वापरणारा ‘गूगलने लॉगिन करा’ या बटणावर टिचकी मारतो. संकेतस्थळ त्याला गूगलच्या पानावर पाठवते. तिथे तो ओळख पटवतो आणि संमती देतो. गूगल त्याला एक अल्पजीवी कोड देऊन परत पाठवते. मग संकेतस्थळाचा सर्व्हर पडद्यामागे गूगलच्या सर्व्हरशी बोलतो आणि कोडच्या बदल्यात टोकन घेतो. टोकनमध्ये व्यक्तीचा ओळखक्रमांक, ईमेल आणि मुदत लिहिलेली असते, शिवाय ते खरे असल्याची डिजिटल सही असते. पाचही टप्प्यांवर काही ना काही बिघडू शकते.

पहिला बिघाड संकेतस्थळ बनवणाऱ्याचा असतो, पण पडद्यावर तो गूगलच्या पानावर दिसतो. प्रत्येक संकेतस्थळाला आधी ओळख सांगणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते आणि निर्वाळा नेमका कोणत्या पत्त्यावर परत पाठवायचा ते लिहून द्यावे लागते. हा पत्ता अक्षर-अक्षर जुळावा लागतो. समजा, अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयाने आपले संकेतस्थळ एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेले, किंवा पत्त्याआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जोडले, किंवा शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, पण नोंदणीत जुनाच पत्ता राहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या विद्यार्थ्यांना ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ अशी त्रुटी दिसेल. विद्यार्थ्याने फोन बदलून, पासवर्ड बदलून काहीही होणार नाही. सगळ्यांना एकाच वेळी एकच त्रुटी येते, हीच या दोषाची खूण. ‘इनव्हॅलिड क्लायंट’ ही त्रुटीही त्याच जातीची. संकेतस्थळाची गुप्त किल्ली बदलली किंवा तिची मुदत संपली, आणि नवी किल्ली सर्व्हरवर घालायची राहून गेली, की ती येते.

पुढचा टप्पा ओळख पटवण्याच्या पानाचा. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवले की पान बऱ्याचदा त्या अ‍ॅपच्याच पोटात उघडते. अशा खिडकीतून गूगलचे लॉगिन होत नाही, ४०३ क्रमांकाची त्रुटी येते. ज्या अ‍ॅपच्या पोटात पान उघडले त्याला टाइप केलेला पासवर्ड वाचता येऊ शकतो, म्हणून गूगलने ही वाट मुद्दामच बंद केली आहे. दुवा क्रोमसारख्या स्वतंत्र ब्राउझरमध्ये उघडला की काम होते. इथे त्रुटी ही राखण आहे, बिघाड नव्हे. तिला वळसा घालण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांपासून लांब राहिलेले बरे.

केंद्रावरच्या सामाईक संगणकावर वेगळाच घोळ होतो. सकाळी आलेल्या विद्यार्थ्याने गूगलने लॉगिन केले, अर्ज भरला आणि अर्जाच्या संकेतस्थळावरून लॉगआउट केले. पण संकेतस्थळावरून बाहेर पडणे म्हणजे गूगलमधून बाहेर पडणे नव्हे. दुपारी आलेल्या मुलीने त्याच बटणावर टिचकी मारली तर गूगल काही न विचारता सकाळच्या विद्यार्थ्याचा निर्वाळा देऊन मोकळे होते. मग ‘तुमचा अर्ज आधीच भरलेला आहे’ असा संदेश येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिची माहिती त्याच्या खात्यात जाते. यात तांत्रिकदृष्ट्या काहीच बिघडलेले नसते, त्यामुळे कोणतीही त्रुटी उमटत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ब्राउझरची खासगी खिडकी उघडणे आणि काम झाले की ती बंद करणे, हा यावरचा सोपा आणि पुरेसा उपाय आहे.

परतीच्या वाटेवर कुकी आडवी येते. संकेतस्थळ वापरणाऱ्याला गूगलकडे पाठवताना ब्राउझरमध्ये एक खूण, म्हणजेच कुकी, ठेवते, आणि तो परतल्यावर तीच खूण जुळते का ते पाहते. कोणी मध्येच दुसऱ्याचा कोड घुसडू नये यासाठी ही तपासणी असते. कुकी बंद केलेल्या असतील, लॉगिन एका ब्राउझरमध्ये सुरू होऊन दुसऱ्यात संपले असेल, किंवा मधल्या वेळात खुणेची मुदत उलटली असेल, तर ‘स्टेट मिसमॅच’ किंवा नुसतेच ‘सत्र संपले’ असे दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमने आपल्या ८० व्या आवृत्तीपासून एका संकेतस्थळाच्या कुकी दुसऱ्याकडून येताना पाठवण्यावर बंधने आणायला सुरुवात केली. ओळीचाही बदल न केलेल्या अनेक संकेतस्थळांची लॉगिन त्या वेळी अडू लागली. ‘काल चालत होते, आज चालत नाही आणि आम्ही तर काहीच केले नाही’ ही तक्रार त्यामुळे दर वेळी खोटी नसते.

परत आलेला कोड एकदाच चालतो आणि नियमानुसार त्याचे आयुष्य जास्तीत जास्त दहा मिनिटांचे असावे. पान हळू उघडते म्हणून कोणी रिफ्रेश दाबले, किंवा ‘मागे’ जाऊन पुन्हा पुढे आले, तर तोच कोड दुसऱ्यांदा पाठवला जातो आणि ‘इनव्हॅलिड ग्रँट’ ही त्रुटी येते. नेटवर्क धिमे असेल तिथे ही त्रुटी जास्त दिसणार, कारण धीर सुटून रिफ्रेशवर बोट तिथेच जाते. उपाय म्हणजे पहिल्या पानापासून नव्याने सुरुवात करणे.

घड्याळाचा दोष सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत उशिरा सापडणारा. टोकनमध्ये ते कधी दिले आणि कधीपर्यंत चालेल हे लिहिलेले असते. सर्व्हरचे घड्याळ काही मिनिटे मागे असेल तर नुकतेच दिलेले टोकन त्याला ‘भविष्यातले’ वाटते, बरेच पुढे असेल तर ‘मुदत संपलेले’. केंद्रावरच्या जुन्या संगणकाचा मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला असेल, तर वीज गेली की त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर कोणत्याच सुरक्षित पानावर विश्वास ठेवत नाही. लॉगिनचे पान उघडतच नाही आणि खापर इंटरनेटवर फुटते. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी.

सगळे टप्पे पार पडूनही वापरणारा आत जाऊन आपल्याच खात्याला मुकू शकतो. त्याने पूर्वी मोबाइल क्रमांकाने खाते उघडले होते, आता गूगलने आला, तर संकेतस्थळाला तो नवा माणूस वाटतो आणि जुना अर्ज दिसत नाही. ओळखीसाठी ईमेल वापरायचा नाही, ओळख सांगणाऱ्या संस्थेने दिलेला न बदलणारा क्रमांक वापरायचा, असे ओपनआयडी कनेक्ट सांगते. पुष्कळ संकेतस्थळे तरीही ईमेलच वापरतात. अ‍ॅपलच्या लॉगिनमध्ये तर वापरणाऱ्याला खरा ईमेल लपवून बदली पत्ता देता येतो, आणि त्याचे नाव अ‍ॅपल फक्त पहिल्याच वेळी कळवते. ते तेव्हा साठवले नाही तर खाते बिननावाचे राहते.

कधी कधी ओळख सांगणारी संस्थाच आडवी होते. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलची ओळख तपासणारी यंत्रणा साठवणुकीच्या मर्यादेतल्या चुकीमुळे पाऊण तासाच्या आसपास जगभर बंद पडली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास नाहीसे झाले आणि फेसबुकमार्फत इतर संकेतस्थळांवर जाणारेही त्याच्याबरोबर बाहेर राहिले. ती संकेतस्थळे धडधाकट होती. पीकविम्यातही असेच होऊ शकते. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुधा जुलैअखेर संपते, आणि केंद्रांसमोर सगळ्यांत लांब रांग लागते ती त्याच दिवसांत. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे राज्यात शेतकऱ्याला विम्यासाठी एकच रुपया भरावा लागे, त्या काळात ही रांग आणखी वाढली. अशा दिवशी सामाईक दार तुंबले तर आतले विमा पोर्टल चालू असूनही केंद्रचालकाला उपयोग नसतो. दोन्ही पाने वेगवेगळी उघडून पाहिली तर कोणते पडले आहे ते मिनिटभरात कळते.

आधारची वाट या सर्वांहून वेगळी आहे, आणि बीडच्या माणसाची गाठ पडते ती मुख्यतः तिच्याशी. इथे वापरणारा आधारच्या पानावर जात नाही. तो योजनेच्याच पानावर आधार क्रमांक घालतो, संमती देतो आणि ओटीपी मागतो. ते पान ही मागणी मधल्या परवानाधारक संस्थांमार्फत आधार चालवणाऱ्या युआयडीएआयच्या मध्यवर्ती संग्रहाकडे धाडते. तिथून ओटीपी थेट आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि दहा मिनिटे चालतो. तो भरला की उत्तर येते: जुळले किंवा नाही. ई-केवायसी असेल तर नाव, पत्ता आणि छायाचित्रही येते. जुळले नाही तर उत्तरासोबत एक क्रमांक असतो. बोटांचे ठसे जुळले नाहीत तर ३००, धारकाने स्वतःच ठसे कुलूपबंद केले असतील तर ३३०, ओटीपी चुकला तर ४००, आधार क्रमांकच चुकीचा असेल तर ९९८, मोबाइल जोडलेलाच नसेल तर १११. ५६१ आणि ५६२ पुन्हा घड्याळाचेच. म्हणजे कारण तिथून कळलेले असते. अनेक पोर्टल ते गिळून टाकतात आणि ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच दाखवतात. याइतका वाईट संदेश दुसरा नाही. माणूस पुन्हा पुन्हा ओटीपी मागत राहतो, मग ९५२ ही अति-मागणीची त्रुटी येते आणि थोडा वेळ त्याचे दारच बंद होते. मूळ दोष कदाचित एवढाच असतो, की आधारला जोडलेले सिम दोन वर्षांपूर्वी बंद पडले आहे.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत हे सगळे ठळकपणे दिसले. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या या योजनेत पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक झाली. महिलेला आधी स्वतःच्या आधारवर ओटीपी घ्यायचा होता आणि नंतर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर. एका अर्जासाठी दोन जणांची ओळख, दोन मोबाइल आणि दोन वेळा दहा-दहा मिनिटे. ओटीपी येत नाही, पान पुढे सरकत नाही, या तक्रारी राज्यभरातून आल्या. त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पूर होता. पहिली मुदत नोव्हेंबरात संपत होती, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या किंवा घटस्फोटित महिलांसाठी कागदपत्रांची वेगळी सोय करावी लागली. हा शेवटचा पेच कोणत्याही सर्व्हरचा नव्हता. दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर एका बाईचा हक्क टांगला की अशा बाया सुटणार, हे पानाचा आराखडा आखतानाच दिसायला हवे होते.

याच महिन्यांत वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या असतात. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, एकच फोन असतो, तो बहुधा नवऱ्याजवळ. बाईचे आधार जोडलेले असते ते कधी गावी राहिलेल्या मुलाच्या क्रमांकाशी, कधी योजनेचा पहिला अर्ज भरताना कोणी दिलेल्या भलत्याच क्रमांकाशी. ओटीपी सुटतो, पोचतोही, पण हव्या त्या हातात नाही. युआयडीएआयच्या संकेतस्थळावर आधारला कोणता मोबाइल जोडलेला आहे ते पडताळता येते. गाव सोडण्याआधी ही पडताळणी उरकली तर फडातले हेलपाटे वाचतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून आधार केंद्रावर मोबाइल बदलण्याचे शुल्क ७५ रुपये आहे.

लाडकी बहीण योजनेच्या पोर्टलवर ‘आधार क्रमांक मंजूर यादीत नाही’ असाही संदेश काहींना येतो. तो आधारची त्रुटी नव्हे. ओळख पटलेली असते, पण त्या ओळखीच्या व्यक्तीला लाभ मंजूर असल्याची नोंद योजनेच्या यादीत सापडत नाही. यासाठी आधार केंद्रावर जाणे म्हणजे चुकीच्या दारी रांग लावणे. दाद महिला व बालविकास विभागाकडेच मागावी लागते. उलट ३०० किंवा १११ साठी त्या विभागाकडे गेल्यास तिथल्या कर्मचाऱ्याच्या हाती काही नसते.

ठशांची गोष्ट तर हातांवरच लिहिलेली आहे. वर्षानुवर्षे कोयता धरून आणि मोळ्या बांधून बोटांच्या रेषा झिजतात, आणि स्वस्त धान्य दुकानातले यंत्र अंगठा नाकारते. यंत्रावर दुसरे बोट लावून पाहावे. बोटे पुसावीत, कोरडी पडली असतील तर किंचित ओलावावीत आणि यंत्राची काच स्वच्छ करावी. केंद्रावरच्या यंत्राचा ठसा वाचून पाठवणारी आरडी सर्व्हिस ही प्रणाली चालू आहे का हेही पाहावे लागते, कारण ती बंद असेल तर जगातला कोणताच अंगठा जुळत नाही. एवढे करूनही जमले नाही तर डोळ्यांची बुबुळे, चेहरा किंवा ओटीपी या वाटा असतात. ओळख तपासून घेणाऱ्या संस्थेने ठसा न जुळल्यास पर्यायी व्यवस्था ठेवली पाहिजे, असे आधारच्या प्रमाणीकरण नियमांतच म्हटले आहे. ‘अंगठा लागला नाही, म्हणून धान्य नाही’ हे उत्तर त्यामुळे नियमाला धरून नसते.

तक्रार करताना पडद्याचा फोटो सर्वांत उपयोगी. त्यात त्रुटीचा शब्द किंवा क्रमांक, वर पट्टीत दिसणारा पत्ता आणि वेळ आली पाहिजे. पट्टीतला पत्ता गूगलचा किंवा डिजिलॉकरचा असेल तर परतीचा निर्वाळा अजून सुटलेलाच नाही, संकेतस्थळाचा असेल तर पुढचे कुठले तरी टप्पे बिघडले आहेत. व्यवहार क्रमांक दिसत असेल तर तो टिपावा, कारण सर्व्हरच्या नोंदींत त्याच क्रमांकाने शोध घेता येतो. तोच प्रयोग दुसऱ्या फोनवर आणि दुसऱ्या व्यक्तीच्या आधारवर करून काय झाले तेही लिहावे. दुसऱ्याचे होते आणि पहिल्याचे होत नाही, तर दोष व्यक्तीच्या नोंदीत आहे; कोणाचेच होत नाही, तर पोर्टलमध्ये किंवा ओळख सांगणाऱ्या संस्थेत. आधारच्या नोंदीसाठी १९४७ हा निःशुल्क क्रमांक आहे, बाकीच्यासाठी त्या त्या योजनेची मदतवाहिनी. ओटीपी मात्र तक्रारीत कधीच लिहायचा नाही आणि फोनवरही सांगायचा नाही; दोष शोधायला तो कोणालाही लागत नाही.